रविवारचं वाटण

कांदा जळाला तेव्हा केराबाई स्टोपासून हातभर अंतरावर बसली होती. पाठ स्टोकडं, तोंड खिडकीकडं, आणि मांडीवरच्या ताटलीत ती सुकं खोबरं किसत होती. खालच्या मजल्यावरच्या शरणम्मानं जिन्यातून हाक मारली, "अय्यो केराबाई, काय पेटवलं काय हो वर? सगळ्या जिन्यात वास सुटलाय की!" तेव्हा तिनं मान वळवली. कढईतला कांदा कडेपासून मधोमधपर्यंत काळा होत आलेला, आणि धूर वर जाऊन पत्र्याला टेकलेला. तिनं पदरानं कढई खाली उतरवली, बोट भाजलं, डोळ्यांतून पाणी आलं. धूर डोळ्यांना झोंबत होता, घशात खवखवत होता. पण वास नव्हता. तिनं कढईवर तोंड नेलं आणि जोरात श्वास ओढला. गरम वारा आत गेला. नुसता वारा. गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन सून खाली आली आणि दारातच थांबली. "आत्या, जळालं व्हय?" मायाक्कानं विचारलं. केराबाईनं मागं न बघता उत्तर दिलं, "जळालं न्हाय. मुद्दाम करपीव केलाय. पाव्हण्यागत बघत काय उभी ऱ्हायलीस? ती दुसरी खिडकी उघड." मायाक्कानं खिडकी उघडली, कपडे खाटेवर ठेवले आणि घड्या घालायला बसली. केराबाईनं वरचा बरा कांदा निवडून घेतला, खालचा कोळसा कागदात गुंडाळला आणि तो कागद सुनेच्या नजरेस पडू नये म्हणून राखेच्या डब्यात खोल दाबला.

हे रविवारचं वाटण म्हणजे तिचा स्वतःचा शोध होता. कुणी शिकवलेलं नव्हतं. तिचा मुलगा श्रीमंत नवी पेठेत एका दुकानात फ्रिज दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी एका बंगल्यातून मोडीत निघालेला फ्रिज त्यानं घरी आणला, आठ दिवस उघडून बसला आणि चालू केला. माडीवरच्या दोन खोल्यांत फ्रिज! गल्लीतल्या बायका बघायला येत, दार उघडून गार वाफेत हात घालून हसत. केराबाईला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. दूध तिथं ठेवलं तर त्याचं सत्त्व जाईल असं ती म्हणायची. मग एकदा उरलेलं वाटण चुकून वरच्या बर्फाच्या कप्प्यात राहिलं आणि दगड झालं. टाकवेना म्हणून तिनं ते वरवंट्यानं फोडून कढत पाण्यात सोडलं. दोन उकळ्यांत घरभर असा वास दरवळला की ते आत्ताच पाट्यावरून काढलंय असं कुणीही म्हटलं असतं. तेव्हापासून दर रविवारी ती कांदा परतायची, खोबरं आणि तीळ भाजायची, लसूण-आलं-कोथिंबीर घालून पाट्यावर वाटायची, आणि काळं तिखट घालून ते सगळं तेल सुटेपर्यंत पुन्हा परतायची. निवलं की बर्फाच्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये थापायची. दुसऱ्या दिवशी ट्रेची दांडी ओढली की चौकोनी वड्या सुट्या व्हायच्या. त्या पत्र्याच्या डब्यात भरून परत वर ठेवायच्या. मग मायाक्का टेलिफोन एक्सचेंजमधून थकून आली की माणशी एक वडी टाकायची, त्यात वांगं म्हणा, बटाटा म्हणा, काय असेल ते. वीस मिनिटांत जेवण. लग्न होऊन आल्यावर पहिलं वर्षभर सासू-सुनेत चुलीवरूनच कुरबूर होती. सूनबाई कानाला यंत्र लावून दिवसभर "कोणता नंबर हवाय?" असं पुस्तकी बोलते आणि घरी येऊन पाट्याला शिवत नाही, असं केराबाई शरणम्माला सांगायची. या वड्यांनी ती कुरबूर मिटवली. आणि खरं सांगायचं तर केराबाईला ते फार गोड वाटलं होतं, की ती घरात नसली तरी भाजी तिच्याच हातची होते.

आणि ती चव म्हणजे तिचं नाक होतं. हे घरात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. सांगोल्याच्या पलीकडं माळावर बापाच्या मेंढरांमागं हिंडताना तिला ते सापडलं होतं. चार वर्षांची असेल. बाप म्हणायचा, केरीला लांबनं कळतंय, पाणी कुनीकडं हाय ते. ते खोटं होतं, पाणी नाही कळायचं. पण कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. लोकर उलटी करून हुंगली की प्रत्येकाचा आपला आपला वास असायचा, कुणाचा बाभळीच्या शेंगेसारखा, कुणाचा तापल्या मातीसारखा. नासायला निघालेलं दूध नासायच्या आधी अर्धा दिवस तिला ओळखू यायचं. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा पहिल्यांदा शहरानं तिला नाकावरच मारलं. गिरणीचं तेल, सुताची खळ, गटार, भट्टीतल्या शेंगा, भिजलेल्या चादरींचा रंग. आठ दिवस डोकं दुखत होतं. मग एकेक वास सुटा झाला आणि शहर तिला कळायला लागलं. नवरा, धुळा, गिरणीतून सुटून जिना चढायला लागला की ती भाकरी टाकायची. पावलाचा आवाज यायच्या आधी त्याचा वास यायचा, मशीनच्या तेलाचा आणि तंबाखूचा, आणि त्याखाली आणखी एक, जो फक्त त्याचा होता आणि ज्याला नाव नव्हतं. आणि आता शिमग्याच्या आधी एक ताप आला, चार दिवस पडसं झालं, ताप गेला, पडसंही गेलं, आणि जाताना हे सगळं घेऊन गेलं. येईल परत, असं म्हणत तिनं महिना काढला. कांदा जळाला त्या दिवशी तिनं तसं म्हणणं सोडलं.

दुपारी घरात कुणी नसताना तिनं खाटेखालची ट्रंक ओढली. धुळाचं घोंगडं त्यात होतं. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याचे कपडे वाटून टाकले, पण घोंगडं तिनं धुतलं नव्हतं. वर्षातून एकदोनदा ती ट्रंक उघडून त्यात तोंड खुपसायची आणि लगेच झाकण लावायची, वास संपून जाऊ नये म्हणून. आता तिनं ते पूर्ण उलगडलं, डोक्यावरून घेतलं, आत अंधार केला आणि श्वास ओढत राहिली. लोकर गालाला टोचत होती. ती मेंढराची लोकर होती, कुठल्याही. माळावर एक मेंढी होती, कपाळावर पांढरा चांद असलेली. तिला एकदा आजार झाला आणि त्यानंतर व्यायली तर तिनं कोकराला जवळच घेतलं नाही. कोकरू पायाशी यायचं आणि ती बाजूला व्हायची, पुन्हा यायचं, ती पुन्हा बाजूला. मेंढी वाईट नव्हती. हुंगूनही तिला ते आपलं आहे हेच कळत नव्हतं. केराबाई घोंगड्याच्या अंधारात बसून राहिली. हे माझं आहे, असं ती मनात म्हणत होती, पण ते नुसतं म्हणणं होतं. तिला वाटलं, असंच एकेक करून सगळं पाठ केल्यासारखं होईल. मुलगा पाठ, सून पाठ, हे घर पाठ. तिनं घोंगडं घडी करून ठेवलं आणि कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं. तिच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. आंधळ्याला लोक हात देतात; वास गेलेल्या बाईला काय देणार? फक्त कढईजवळून उठवतील.

मग ती डोळ्यांनी आणि कानांनी वाटण करायला लागली. कांदा विटकरी झाला की काढायचा. तीळ तडतडायचे थांबले की पुरे. कढईत पाण्याचा आवाज असतो तो जाड, तो संपून तेलाचा बारीक आवाज सुरू झाला की दोन मिनिटं मोजायची. तीन रविवार नीट गेले. श्रीमंत जेवताना काही बोलायचा नाही, आणि तो बोलला नाही म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे. मायाक्का मात्र कधी कधी ताटावरून तिच्याकडं बघायची. केराबाईला ती नजर आवडत नसे. पुढं एका सोमवारी दुपारी वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आलीच नाही. एप्रिलचं ऊन, वर पत्रा. फ्रिजमधून पाणी गळून फरशीवर ओघळ आला. केराबाईनं डबा उघडला तेव्हा वड्यांची लापशी झालेली होती. तिनं सवयीनं डबा नाकाशी नेला, आणि मग नेल्याचं तिला हसू आलं, कडू. बोट बुडवून जिभेवर ठेवलं. जरा आंबट लागलं. रविवारी दोन टोमॅटो टाकले होते, त्याचंच असेल. खाली शरणम्मा होती. जिना उतरून नुसतं म्हणायचं होतं, हुंगून बघा हो जरा. पण मग शरणम्मा विचारणार, तुमच्या नाकाला काय झालं? केराबाई डबा हातात धरून दारात उभी राहिली. तेवढ्यात फ्रिज घुरघुरला, वीज आली. तिनं डबा परत बर्फाच्या कप्प्यात ढकलला आणि दार लावलं. संध्याकाळी श्रीमंतनं बाहेरून भजी आणली होती, भाजी लागलीच नाही. सकाळपर्यंत सगळं पुन्हा दगड झालं होतं, आणि दगडाकडं बघून कुणाला काय कळणार?

बुधवारी अकराच्या सुमाराला मायाक्काचे वडील आले. कोंडीबा मंगळवेढ्याच्या बाजूचा, अजून मेंढरं राखून असलेला माणूस. डोक्याला लाल पटका, काखेत नव्या जोंधळ्याचं गाठोडं. लोकरीच्या सौद्यासाठी शहरात आला होता आणि चारच्या एसटीनं परत जायचं म्हणत होता. "लेकीला बघून जावं म्हनलं." "ती ड्युटीवर हाय, पाव्हणं. दोनला सुटती. बसा की, जेवल्याबिगर मी सोडायची न्हाय." केराबाईनं भाकरी टाकल्या, वांगी चिरली, डब्यातला दगड वरवंट्यानं फोडून चार वड्यांएवढा तुकडा पाण्यात सोडला. तो विरघळताना रंग छान आला. वीस मिनिटांत ताट वाढलं. कोंडीबानं हात जोडून घास घेतला आणि एक क्षण थांबला. जबडा थांबला, नजर ताटातच राहिली. "मीठ कमी पडलं का हो?" तिनं विचारलं. "न्हाय न्हाय. झकास हाय." तो जेवत राहिला. सावकाश, प्रत्येक घासावर पाणी पीत. दोन भाकरी खाल्ल्या, ताट बोटानं पुसून घेतलं. तिनं आणखी वाढायला पळी उचलली तर त्यानं ताटावर दोन्ही हात धरले. "लई झालं, विहीणबाई. पोट भरलं." लेकीसाठी थांबतो म्हणाला होता, पण पंधरा मिनिटांत पटका सारखा करत उठला. स्टँडावर एक माणूस भेटायचा हाय, म्हणाला. तो भरभर जिना उतरला. केराबाईला बरं वाटलं होतं. कुणी ताट असं पुसून खाल्लं की तिला नेहमीच बरं वाटायचं.

अडीचला मायाक्का आली. बाप येऊन गेल्याचं कळल्यावर तिचा चेहरा पडला, मग भूक लागली म्हणून तिनं भाजीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. झाकण तिच्या हातातच राहिलं. तिनं तोंड बाजूला केलं, मग परत पातेल्याकडं वळवलं, जणू खात्री करून घेत होती. "आत्या," ती म्हणाली, "ही भाजी अण्णांनी खाल्ली?" "दोन भाकरी खाल्ल्या. का?" मायाक्कानं झाकण अलगद ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच केराबाईला सहन होईना. "नासलंय, आत्या. दारापासून वास येतोय." केराबाई काही तरी बोलायला गेली, करपीव, टोमॅटो, उन्हाळा, असं बरंच काही जिभेवर आलं होतं. पण सून तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होती, तीत राग नव्हता. ती वाट बघत होती. किती दिवस बघत होती कोण जाणे. "मला येत न्हाय," केराबाई म्हणाली. "वास. कसलाच येत न्हाय. तापापासनं." मायाक्का म्हणाली, "कांदा जळाला तवाच मला वाटलं हुतं." आणि लगेच चपला घातल्या. "मी स्टँडावर जाऊन बघते." "मी बी येते," केराबाई म्हणाली. मायाक्कानं एकदा तिच्या पायांकडं बघितलं, आणि नको म्हणाली नाही.

दोघींनी रिक्षा केली. स्टँडावर धूळ, डिझेल, सोललेली संत्री, घामेजलेली माणसं. केराबाईला ते सगळं दिसत होतं आणि काहीच पोहोचत नव्हतं, काचेतून दुकानातला माल बघावा तसं. कोंडीबा नळाजवळच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. पटका सोडून मांडीवर घेतलेला, तोंड धुतलेलं, रंग उतरलेला. लेकीला बघून सरळ व्हायला गेला. "काय न्हाय गं. जरा ऊन लागलं. उलटी झाली, आता बरं हाय." मायाक्का लिंबू-सोडा आणायला पळाली. केराबाई त्याच्यासमोर उभी राहिली. बसची वाट बघणारी माणसं आजूबाजूला होती, पण तिला आता कुणाची लाज वाटली नाही. "ऊन न्हाय, पाव्हणं," ती म्हणाली. "म्या नासकं वाढलं तुमाला. मला वास येत न्हाय आता. पर तुमाला तर आला असंल की." कोंडीबा पटक्याच्या टोकाशी चाळा करत म्हणाला, "आला. पैल्याच घासाला." "मग खाल्लं कशापायी? सारलं असतं ताट." त्यानं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत गाऱ्हाणं नव्हतं, उलट अशी साधी गोष्ट समजावून सांगावी लागतेय याचा संकोच होता. "लेक दिलीय की तुमच्या घरात," तो म्हणाला.

केराबाईला आपला बाप आठवला. सोलापूरच्या याच स्टँडावर उतरून तो एकदा भेटायला आला होता, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. सासूनं त्याला उंबऱ्याजवळ बसवून चहा दिला आणि त्याच्या देखत म्हणाली होती, तुमच्या लेकीला मेंढराचा वास मारतो, किती न्हाऊ घातली तरी जात न्हाय. बाप हसला होता. मान डोलवून, सगळे दात दाखवून. तिला त्या हसण्याचा इतका राग आला होता की ती त्याला पोहोचवायला जिन्यापर्यंतसुद्धा गेली नव्हती. पुढं पंचवीस वर्षं तो राग तिनं कुठं तरी जपून ठेवला होता. आता स्टँडाच्या फरशीवर उभी असताना तिला त्या हसण्याचा अर्थ कळला, आणि कळून उपयोग नव्हता, कारण बाप कधीच गेला होता. ती खाली बसली, कोंडीबाच्या पायांजवळ, त्याच्या नको नको म्हणण्याकडं लक्ष न देता. "पुढच्या खेपंला," ती म्हणाली, "वाईट असंल तर ताट सारा. तुमच्या लेकीला कुनी बोलायचं न्हाय. मी हाय तितं." मायाक्का सोड्याची बाटली घेऊन परत येत होती. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. तिनं बाटली बापाच्या हातात दिली आणि दुसऱ्या हातानं सासूला उठवलं.

पुढच्या रविवारी केराबाई कढईपासून लांब बसली. कलथा मायाक्काच्या हातात होता. "काय येतंय?" केराबाईनं विचारलं. "वास येतोय." "वास तर येनारच. कसला? नीट सांग, मला दिसत न्हाय त्यो." मायाक्काला हसू आलं, मग ती विचारात पडली. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देणारी ती पोरगी, पण याला शब्द सापडेनात. "आधी कच्चा हुता, ओल्या पोत्यागत. आता गोड व्हाय लागला. टेंभुर्णीला एकदा अण्णांसंगं गेलते, सात वर्साची असंन. तितं गुऱ्हाळ हुतं, तसला. मी कढईपाशी उभी ऱ्हायले आन् अण्णा बाजारात निगून गेले. लई रडले." "मग?" "मग गुऱ्हाळवाल्यानं हातावर काकवी घातली. गप झाले." केराबाई लसूण सोलत ऐकत राहिली. दोन वर्षांत तिनं या पोरीला असलं काही विचारलं नव्हतं. खोबरं तव्यावर पडलं तेव्हा मायाक्कानं वाकून श्वास ओढला. "आता गं?" "आता आईच्या डोक्याचा," मायाक्का म्हणाली. "शनवारी न्हाल्यावर तेल लावायची तसला. मी नऊ वर्साची हुते ती गेली तवा. त्यानंतर घरात खोबरं कुनी भाजलंच न्हाय. आमी नुसत्या शेंगाकुटाचं करायचो." तिनं कलथ्यानं खोबरं एका बाजूला केलं. केराबाईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. आई नाही एवढं तिला ठाऊक होतं. सोयरीक करताना विचारलं होतं, आणि आई नसलेली पोर कामाला सोसते असंही तेव्हा मनात आलं होतं.

वाटण कढईत पडलं, तिखट पडलं, पाण्याचा जाड आवाज सुरू झाला आणि हळूहळू बारीक होत गेला. मायाक्का पुढं वाकली. "आता उतरवायचं, आत्या." केराबाईनं मान लांब करून बघितलं. कडेनं तेल नुकतं दिसायला लागलं होतं. तिच्या हिशेबानं अजून दोन मिनिटं हवी होती. नेहमीची दोन मिनिटं. ज्यांनी रंग गडद व्हायचा, ज्यांनी ती चव तिची व्हायची. ते सांगायला तिनं तोंड उघडलं. पण या घरात तिनं पहिल्यांदा कढई हातात घेतली तेव्हाही असंच काहीतरी बदललं असेल. सासूच्या हातची चव कशी होती ते आता तिला आठवतसुद्धा नव्हतं. ती कधी संपली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, एकट्या सासूच्या आलं असेल. मायाक्का वळून तिच्याकडं बघत होती, कढईचा कान पदरात धरून. "उतरव," केराबाई म्हणाली.

सोमवारी सकाळी मायाक्कानं ट्रेची दांडी ओढली, वड्या सुट्या झाल्या, रंगानं जरा फिक्या. संध्याकाळी तिघं जेवायला बसली. श्रीमंतनं दोन घास खाल्ले आणि थांबला. "आये, आज चव बदलली की गं." "कुनीकडं बदलली?" "सांगता येत न्हाय." त्यानं आणखी एक घास घेतला. "पर चांगली हाय." मायाक्कानं मान खाली घातली. केराबाई म्हणाली, "हिनं केलंय," आणि म्हणताना तिला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. तिनं आपल्या ताटात थोडी भाजी घेतली. मीठ होतं, तिखट होतं, ऊब होती. त्याच्या पलीकडं काही नव्हतं, आणि बहुधा आता होणारही नव्हतं. ती सुनेकडं वळली. "कशी झालीय गं?" तिनं विचारलं. मायाक्कानं हातातला घास तोंडात घातला, डोळे मिटले, आणि चावता चावता सांगायला लागली.